नालबंदाच्या दोन फेऱ्यांमधले दिवस

दयाराम गेला त्या पावसाळ्यात नीराबाईला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटली असेल, तर ती गोठ्यातल्या घोडीची.

एकटेपणाची, म्हातारपणाची भीती नंतर आली, आणि त्या दोघींशी तिने आपल्या परीने जुळवून घेतलं. पण घोडी समोर उभी होती, रोज उभी होती, आणि तिला रोज खायला लागत होतं. शेवंती तिचं नाव. तांबूस अंगाची, कपाळावर पांढऱ्या फुलासारखा ठिपका, अंगाने बेताची, तट्टापेक्षा जराशी मोठी. चौलच्या वाड्यांमधली सुपारी आणि नारळ रेवदंड्याच्या बंदरावर पोचवायचं काम दयाराम तिच्या पाठीवर करायचा. आगरातल्या पायवाटा अरुंद. दोन्ही बाजूंनी पोफळी, मध्ये पाटाचं पाणी. तिथे बैलगाडी शिरत नाही. पाठीवर गोणी घेऊन मुकाट चालणारं जनावरच लागतं.

घोडी घरात आली त्याच आठवड्यात तिने नीराबाईच्या पावलावर पाय दिला होता. अंगठ्याचं नख काळंनिळं पडलं आणि नवं आलं ते वाकडंच. तेव्हापासून नीराबाई गवत टाकायची तेही लांबून, काठीने ढकलून. दयाराम हसायचा. म्हणायचा, "अगं, तिला कुटं ठावं होतं तुजा पाय हाय त्यो!"

एकोणीसशे पंचवीस सालच्या आषाढात दयारामला हिवताप आला. ताप चढे, उतरे, पुन्हा चढे. घरात माणूस अंथरुणावर असताना घोडीकडे कोण बघतो? पागोळ्यांखाली चिखलात शेवंती उभी राहिली, मिळेल ते खाल्लं, मिळालं नाही तेव्हा उपाशी राहिली. श्रावण संपता संपता दयाराम गेला. तेराव्याला धाकटा दीर सदू म्हणाला, "वैनी, पाऊस उघडला की हिला पोयनाडच्या बाजारात नेतो. बाईमानसानं घोडी ठेवून काय करायची?"

"न्या," नीराबाई म्हणाली. तिला ते ऐकून बरंच वाटलं.

नवरात्राच्या सुमाराला एके सकाळी बेड्यापाशी, अंगणाच्या फाटकात, हाक आली. "दयाराम! अरे, हाईस का घरात?"

करमअली नालबंद आला होता. अलिबागेहून निघायचा, नागाव, चौल, रेवदंडा करत खाडी उतरून पार मुरुडपर्यंत जायचा आणि वाटेतल्या गावांतल्या घोड्यांचे पाय बघत परतायचा. खांद्यावर कातड्याची पिशवी, मेंदी लावलेली दाढी, कमरेला तेलकट फडका. पावसाळ्यात त्याची फेरी बंद असे, म्हणून त्याला काहीच कळलं नव्हतं. नीराबाई दाराच्या आडून बाहेर आली. तिच्या मोकळ्या कपाळाकडे बघताच म्हातारा पडवीच्या पायरीवर बसला. डोक्यावरची टोपी काढून त्याने गुडघ्यावर ठेवली.

मग तो उठला आणि सरळ गोठ्याकडे गेला. शोक करायची त्याची तीच रीत असावी.

त्याने शेवंतीचा पुढचा पाय उचलला आणि गुडघ्यात धरला. वास पडवीपर्यंत आला. कुजलेल्या पाल्यासारखा, नाकात बसणारा.

"बाय, हिकडं ये," तो म्हणाला.

"मला भीती वाटते तिची, चाचा."

"तिला पन तुजी वाटते. पन ती बांधलेली हाय, तिला पळता येत न्हाय. तू ये."

नीराबाई गेली. आयुष्यात पहिल्यांदा तिने घोड्याच्या खुराचा तळवा बघितला. तिला वाटलं होतं, खूर म्हणजे लाकडाच्या ठोकळ्यासारखी टणक वस्तू. तसं नव्हतं. बाहेरून टणक कड होती, आत खोलगट तळवा, आणि टाचेकडून पुढे निमुळती होत गेलेली मऊ गादी. तिच्या दोन्ही बाजूंच्या खाचांतून काळं काहीतरी पाझरत होतं.

"कुजलंय," करमअली म्हणाला. "चिखल नि मूत. दोन म्हैने कोनी आकडी घातली न्हाय हितं."

"सदूभावजी बाजारात नेनार हायेत हिला."

"असल्या पायांची? हिला कसाई सोडून कोन घेनार न्हाय, बाय."

नीराबाईला घोडी नको होती हे खरं, पण कसायाचा विचार तिच्या मनात आला नव्हता.

करमअलीने पाय खाली सोडला आणि खुराच्या वरच्या काठाजवळ, केस संपतात तिथे, बोट फिरवलं. "ही रेघ बघ. हात लाव."

तिने भीत भीत हात लावला. तिथे एक आडवा उंचवटा होता.

"दयाराम आजारी पडला, ही उपाशी ऱ्हायली, ते दिवस हितं उमटलेत. खूर म्हंजे नखच. वरून येतं, खाली सरकतं. ही रेघ खाली उतरायला वरीस जाईल. तवर हा खूर कच्चा."

मग त्याने सुरीने वाढलेली कड तासली, सडलेलं हलक्या हाताने काढलं, कानस फिरवली. काम करता करता तो बोलत राहिला, आणि ते बोलणं घोडीशी आहे की आपल्याशी, हे नीराबाईला नीटसं कळेना. रानातलं घोडं दिवसभर चालतं, जमीनच त्याचा खूर घासते. बांधलेल्या घोड्याचा खूर कोण घासणार? म्हणून नालबंद. पण नालबंद येणार महिन्या-दीड महिन्याने. "मधले दिस मालकाचे. मी एक दिस चांगलं काम करीन, नि मधल्या दिसांत कोनी बघितलं न्हाय, तर माजं काम मातीत."

"मंग नाल का न्हाय मारत?"

"हिच्या खुराची कड पातळ. खिळा धरत न्हाय. दयारामला मी पयल्या दिशीच सांगितलेलं, हिला लोखंड नको, हिला नजर पायजे." त्याने पिशवीतून खूर साफ करायची एक झिजलेली लोखंडी आकडी काढली आणि पायरीवर ठेवली. "दोन म्हैने कर. मंग खुशाल इक. चांगल्या घरी तरी जाईल."

अशी सुरुवात झाली. विकायची म्हणून.

पहिल्या संध्याकाळी एकच पाय झाला. करमअलीने सांगितलं होतं, लांब उभी राहू नको, लांबून लाथ जोरात बसते. अंगाला खेटून उभी राहा, तोंड तिच्या शेपटीकडे, खांद्यापासून हात खाली उतरव, सगळ्यात शेवटी पाय माग. नीराबाईने तसं केलं. हात गुडघ्यापर्यंत उतरला की घोडी अंग झटकी आणि नीराबाई उडी मारून मागे. पुन्हा पहिल्यापासून. शेवटी शेवंतीने कंटाळून पाय दिला, आणि दिला तो सगळा भार टाकूनच. नीराबाईची कंबर वाकली. "मेले, उभी तरी ऱ्हा स्वताच्या पायांवर!" ती ओरडली. दयाराम गेल्यापासून इतक्या मोठ्याने ती पहिल्यांदाच बोलली होती.

आकडी टाचेकडून पुढे ओढायची, उलटी कधीच नाही, म्हणजे मऊ गादीला इजा होत नाही. खाचांतली घाण काढायची, मिठाच्या पाण्याने धुवायचं, कोरड्या फडक्याने टिपायचं, मग कापसाच्या बोळ्याने करंजेल लावायचं. करंजेलाचा वास हाताला असा बसला की शिकेकाईने धुतला तरी जाईना. शेजारची येसूबाई भाकरी घ्यायला आली नि नाक मुरडून म्हणाली, "नीरे, तुज्या भाकरीला करंजेलाची फोडनी घालतेस काय गं?"

पण आकडीपेक्षा जागेने जास्त काम केलं. नीराबाईने घोडी पागोळ्यांखालून काढून आतल्या बाजूला बांधली. समुद्रावरून पाट्या भरभरून वाळू आणली, खाली अंथरली, वर भाताचा तूस पसरला. ओलं झालेलं रोज खरडून काढायचं, नवं टाकायचं. येसूबाई म्हणे, स्वतःच्या घराची जमीन सारवायला हिला आठवत नाही नि घोडीला मात्र गादी. ते खरंही होतं. दिवस कसा काढायचा हे नीराबाईला समजत नव्हतं, पण संध्याकाळी काय करायचं हे पक्कं होतं.

हळूहळू वास गेला. काळा पाझर थांबला. हाताला कळू लागलं ते डोळ्याला कळण्याच्या आधी. खूर रोजच्यापेक्षा गरम लागला तर आत काहीतरी दुखतंय. कडेला बारीक कपचा निघाला तर कानशीने तो लगेच गोल करायचा, नाहीतर चीर वर चढते. तेल लावून खूर चकचकीत करायचा मोह आवरायचा. "तेल आपल्या केसांना लाव," करमअली म्हणाला होता, "खुराला कोरडी जागा नि चाल, बस." म्हणून मग ती शेवंतीला समुद्रावर फिरवायला नेऊ लागली. ओल्या, घट्ट वाळूवर घोडी पाय मोकळे टाकी. दावं धरून नीराबाई शेजारून चाले. आधी हात लांब करून, मग जवळून, मग कधीतरी तिच्या मानेवर हात ठेवून.

दोन महिन्यांनी सदू आला. "चला, नेतो आज."

"नालबंद येऊन जाऊ दे," नीराबाई म्हणाली.

नालबंद येऊन गेला. सदू पुन्हा आला. "आता?"

"आता थंडीत कुटं नेता, भावजी. शिमगा होऊ दे."

शिमग्यानंतर आंबे आले, आंब्यांनंतर ढग आले. सदू शहाणा माणूस. त्याने विचारणं सोडून दिलं. उलट पाऊस लागायच्या आधी गोठ्याची गळती बाजू आपण होऊन शाकारून गेला.

ती खुरावरची रेघ मात्र नीराबाई रोज बघे. नजरेला तिची हालचाल दिसत नसे, पण महिन्याने बघावं तर ती नक्की खाली आलेली असे. वर नवा खूर येत होता, गुळगुळीत, घट्ट. रेघेच्या खालचा जुना, खवल्याखवल्यांचा. कधी कधी तिला वाटे की हे सगळं आपल्याही आत कुठेतरी चाललं असेल. मग ती स्वतःलाच गप्प करून कामाला लागे.

पुढच्या वर्षी पाऊस उघडल्यावर करमअली आला तेव्हा रेघ पार जमिनीला टेकली होती. त्याने पाय गुडघ्यात धरला, सुरी लावली आणि पुढच्या पायाची ती सगळी कड एका चंद्रकोरीत उतरवली. "गेलं बघ," तो म्हणाला आणि तुकडा तिच्यापुढे टाकला.

नीराबाई वाकली. तिला तो हातात घ्यायचा होता. कशासाठी ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तेवढ्यात येसूबाईचा कुत्रा कुठूनसा आला, तुकडा तोंडात धरला आणि शेपूट वर करून कुंपणाच्या वईतून पसार झाला. नीराबाई क्षणभर वाकलेलीच राहिली. मग ती हसायला लागली. इतकी, की पायरीवर बसावं लागलं. डोळ्यांतून पाणी आलं तरी हसू थांबेना. करमअली तोंड दुसरीकडे करून मागच्या पायाला लागला.

त्यानंतर तिने दयारामचं काम सुरू केलं. डोक्यावर पदर घट्ट खोचून, शेवंतीच्या पाठीवर गोण्या लादून ती वाड्यावाड्यांतून सुपारी गोळा करायची आणि रेवदंड्याला पोचवायची. बाईने घोडी हाकावी याचं लोकांना नवल वाटलं, पण नवल चार दिवसांचं. माल वेळेवर येतो म्हटल्यावर लोक गोण्या काढून ठेवू लागले.

मालाचा मोठा धनी म्हणजे रेवदंड्याचा सिराजुद्दीन. त्याच्या घराण्याची गलबतं मुंबईपर्यंत जायची. स्वभावाने माणूस उमदा, पण घाईचा. एके वर्षी बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर खडी पडली. नवी, धारदार. सिराजुद्दीन म्हणाला, "नीराबाई, आता घोडीला नाल मारून घ्या. खडीवर उघड्या पायाची घोडी चालनार न्हाय. वाटेत लंगडली तर माजा माल पडून ऱ्हानार."

"हिचा खूर खिळा धरत न्हाय, भाईजान."

"सगळ्या जगाची घोडी खिळा धरतात. तुमचीच नवाबाची बेटी हाय काय?"

करमअली त्या वेळी खाडीपलीकडे होता. रेवदंड्याला एक परगावचा नालबंद आला होता, चार घोड्यांना नाल मारून गेला होता. सुपारीचा हंगाम तोंडावर. नीराबाईने दोन दिवस विचार केला आणि घोडी त्याच्याकडे नेली. नाल बसला, टकटक वाजायला लागला. शेवंती नव्या जोड्यातल्या पोरीसारखी पाय उचलून उचलून चालली. नीराबाईला ते आवडलंही.

आठवडा झाला असेल नसेल, पातळ कडेतून खिळे सुटले. एक नाल निघाला तो निम्मी कड घेऊनच. दुसऱ्या पायात खिळा आत टोचला होता; खूर तव्यासारखा तापला आणि घोडी तो पाय टेकवेना.

करमअली परतला तेव्हा नीराबाई गोठ्याच्या दारात बसली होती. त्याने वाकून सगळं बघितलं, उरलेला नाल काढला, तळव्यात बारीक भोक पाडून पू वाहू दिला, कोंड्याचं गरम पोटीस बांधलं.

"रागवा ना, चाचा," नीराबाई म्हणाली. "मी तुमचं ऐकलं न्हाय."

"रागवून खूर वाढतो काय?" तो म्हणाला. "वाढत असता तर मी रोज रागावलो असतो." पिशवी उचलताना त्याने एवढंच सांगितलं, "वाळूवर चालव. पानी सोसेल तेवडं लागू दे. हंगाम जाईल, जाऊ दे."

हंगाम गेला. त्या वर्षी नीराबाईने येसूबाईबरोबर नारळीच्या झावळ्यांची झापं विणली आणि सुपाऱ्या सोलायला गेली. संध्याकाळी मात्र ओहोटीचं पाणी मागे हटलं की शेवंती आणि ती वाळूवर असत. घोडीच्या पायाला जेवढी वाळू सोसेल तेवढं चालायचं, मग परत. पुढच्या हंगामापर्यंत खूर भरून आला, आणि आधीपेक्षाही टणक झाला. तेव्हा ती सिराजुद्दीनच्या पेढीवर गेली आणि उंबऱ्याबाहेर उभी राहिली.

"भाईजान, माल मी पोचवते. पन खडीनं न्हाय. थेरोंड्याच्या किनाऱ्यानं आनते, वाळूवरून."

"किनाऱ्यानं? नि भरती असली मंग?"

"भरती असली मंग मी येनार न्हाय. ओहोटीला येईन."

सिराजुद्दीन हसला. "म्हंजे माज्या मालानं तुमच्या घोडीच्या पायांसाटी समुद्राची वाट बघायची?"

"तुमची गलबतं भरतीची वाट बघतात, तवा कोन हसत न्हाय," नीराबाई म्हणाली. "माजी घोडी ओहोटीची बघते. माल बंदरावर पडून भिजन्यापरीस माज्या पडवीत कोरडा ऱ्हाईल."

पेढीवरचा एक मुनीम खोकला. सिराजुद्दीनने पानाची पेटी पुढे ओढली, पान लावलं, आणि बराच वेळ चघळत राहिला. "किनारा सोडल्यावर बंदरापतूर खडी हायेच," तो म्हणाला. "तिथं काय करनार? खांद्यावर घेनार घोडीला?"

"वहाना घालनार."

तो चेष्टा समजला. पण ती चेष्टा नव्हती. नीराबाईने काथ्याची जाड वेणी घालून, ती गोल गोल शिवून चार टोपल्यांसारखे जोडे केले होते. खाली चांभाराकडून जुन्या मोटेच्या कातड्याचा तळ लावून घेतला होता, वर बांधायला दोऱ्या. किनारा संपला की ती चारही पायांत ते चढवायची, बंदरावर माल उतरवून परत वाळूपाशी आली की काढून, झटकून पाठीवर टाकायची. ते लवकर झिजत. पावसाळ्यात बसून वर्षाचे जोडे विणून ठेवावे लागत. पण खडी घोडीला लागत नसे. पहिल्या दिवशी बंदरावरचे खलाशी काम टाकून बघायला आले. एक जण म्हणाला, "आजीबाय, घोडीला लुगडं पन नेसव!" नीराबाई म्हणाली, "तू निऱ्या घालून दे, नेसवते." सिराजुद्दीनच मोठ्याने हसला, आणि त्या दिवसापासून त्याचा माल ओहोटीच्या वेळी येऊ लागला.

अशी पुष्कळ वर्षं गेली. करमअली येत राहिला, पण हळूहळू त्याचा हात कापायला लागला. एकदा सुरी घसरली आणि त्याच्याच अंगठ्याला लागली. त्याने फडका गुंडाळला आणि सुरी नीराबाईपुढे केली.

"तू कर. मी बसतो हितं."

"मी? चाचा, मी कानशीबिगर कायी केलं न्हाय."

"एवडी वर्सं काय बघत होतीस मंग?"

तिने केलं. घाबरत, थोडं थोडं. तो पायरीवर बसून सांगत होता. तळव्याला हात लावू नको. मऊ गादी तिची तीच झडते, ती कापू नको. टाच जास्त उतरवू नको. कमी काढलंस तर उद्या काढता येईल, जास्त काढलंस तर दीड म्हैना ती भोगेल. काम संपलं तेव्हा शेवंती डुलक्या घेत होती. पुढच्या फेरीतही तसंच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. येसूबाईने गावभर केलं की नीरा आता नालबंदीण झाली. नाव चिकटलं. वास्तविक नाल तिने कुठल्याच घोड्याला कधी मारला नाही.

मग एका वर्षी दिवाळी झाली, मार्गशीर्ष लागला, तरी करमअली आला नाही. नागावहून आलेल्या एका माळ्याने सांगितलं की म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, त्याला आता काही दिसत नाही, लेकीकडे बसून असतो.

नीराबाईने दोन दिवसांच्या भाकऱ्या बांधल्या. एका पहाटे ती शेवंतीला घेऊन निघाली. नागावचा लांब किनारा, आक्षीची सुरूची झाडं, पुढची खाडी पाणी उतरल्यावर ओलांडून अलिबाग. घोडीच्या पाठीवर ती बसली नाही, सवयच नव्हती. दोघी चालत गेल्या.

करमअलीची लेक फिरोजा दारात आली. घोडी घेऊन उभी असलेली बाई बघून ती गोंधळली. "अब्बांना आता काम होत न्हाय, बाय," ती म्हणाली. "डोळे गेले त्यांचे."

"काम न्हाय करायचं. फकस्त दाखवायला आनलीय."

आतून आवाज आला. "कोन? शेवंती काय? तिचा फुरफुराट वळखतो मी."

फिरोजाने त्याला हाताला धरून अंगणात आणलं आणि पाटावर बसवलं. नीराबाईने घोडी त्याच्याजवळ नेली. शेवंती म्हातारी झाली होती, पाठ खोलगट, कपाळावरच्या ठिपक्याभोवती सगळं पांढरं. तिने आपण होऊन पाय उचलला. करमअलीने तो गुडघ्यावर घेतला. त्याची बोटं कडेवरून फिरली, खाचांत उतरली, टाचेला दाबून आली. मग दुसरा पाय. मग तिसरा. फिरोजा भिंतीला टेकून बघत होती. अंगणात कोंबड्या दाणे टिपत होत्या.

चौथ्यानंतर तो पहिल्या पायाकडे परत आला.

"हा डावा बाहेरच्या अंगाला उंच हाय."

नीराबाई वाकली. तिला काही दिसेना. मग तिने हात लावला, दोन्ही अंगठे दोन्ही बाजूंना ठेवून, त्याच्यासारखा. होता. जोंधळ्याच्या दाण्याएवढा, पण होता.

"कानस मारताना तू एकाच जागी उभी ऱ्हातेस," तो म्हणाला. "तुजा जोर आतल्या अंगाला पडतो. थोडी फिरून उभी ऱ्हा. बाकी..." त्याने पाय खाली ठेवला आणि खुरावर थाप मारली. "बाकी ठीक हाय."

'ठीक हाय' हे करमअलीच्या तोंडून तिने फार वेळा ऐकलं नव्हतं. तिने तिथेच कानस काढली, उभी राहायची जागा बदलली आणि उंचवटा उतरवला. त्याने पुन्हा हात फिरवला आणि मान हलवली. फिरोजाने चहा केला, तांदळाची घावनं दिली. चहा पिताना त्याने आपल्या फेरीतल्या एकेका घोड्याची चौकशी केली. रेवदंड्याच्या टांग्यांची घोडी आता कोण बघतं?

"कोन न्हाय," नीराबाई म्हणाली.

"मंग तू बघ."

"माज्याकडं हत्यारं कुटं हायेत तुमच्यासारखी?"

"ती मी देनार न्हाय," म्हातारा चटकन म्हणाला. "अजून मेलो न्हाय मी. लोहाराकडून करून घे."

फिरोजा तोंडाला पदर लावून हसली. नीराबाईने खरोखरच अलिबागच्या लोहाराकडून एक सुरी आणि एक मोठी कानस करून घेतली, आणि तिसऱ्या दिवशी घरी आली.

करमअली पुढच्या रमजानात गेला. तोवर रेवदंड्याचे टांगेवाले नीराबाईच्या दारात घोडी आणायला लागले होते. आधी नाखुशीने, दुसरं कोणी नाही म्हणून. मग रोजच्या सवयीने. जलील नावाचा एक टांगेवाला होता. खडीवर चालणारी घोडी, तेव्हा नाल तो दुसरीकडून मारून घेई. पण कूज, चीर, ठेच काही झालं की सरळ चौलला येई. पावसाळ्यात टांगे बंद असत तेव्हा त्याच्या घोडीचे नाल काढून ती नीराबाईच्या गोठ्यात, तुसावर, शेवंतीच्या शेजारी उभी राही.

मग रस्त्यावर सर्विस मोटार आली. सिराजुद्दीनचा मालही पुढे मोटारीने जायला लागला, आणि त्याने ते स्वतः येऊन सांगितलं. नीराबाईला फारसं वाईट वाटलं नाही; शेवंतीच्या पाठीवर गोणी टाकणं तिने वर्षभर आधीपासूनच कमी करत आणलं होतं.

चाळीस सालच्या थंडीत एके सकाळी शेवंती उठली नाही. नीराबाई तिच्या मानेशी बसून राहिली. ऊन अंगणात यायच्या आधीच सगळं झालं. सदूने चार माणसं आणली आणि आगराच्या टोकाला खड्डा खणला. तिसऱ्या प्रहरी सिराजुद्दीन आला. पायरीखाली चपला काढून पडवीत बसला, जसा माणूस गेल्यावर लोक बसतात तसा. कोरा चहा घेतला. त्या वर्षीच्या सुपारीबद्दल, फळ बारीक पडल्याबद्दल थोडं बोलला. उठताना म्हणाला, "बारा-तेरा वर्सं माजा माल नेला तिनं. एक गोनी भिजली न्हाय."

"व्हय," नीराबाई म्हणाली.

तो गेल्यावर ती गोठ्यात गेली. तूस खरडून एका कोपऱ्यात लावला, वाळू सारखी केली, आणि तशीच बसून राहिली. संध्याकाळ झाली होती. हातांना काय करायचं ते समजत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती केस विंचरत होती तेव्हा बेड्यापाशी जलीलचा आवाज आला. त्याच्या घोडीने पुढचा पाय टाकायचं सोडलं होतं. काल खडीवर काहीतरी रुतलं असावं. तो संकोचला होता. म्हणाला, "बाय, आज तुमच्याकडं यायला नको होतं, ठावं हाय मला. पन ती लई कन्हतेय."

"बांध तिला सावलीत," नीराबाई म्हणाली. तिने अंबाडा घट्ट केला, चुलीवर पाणी तापत ठेवलं, आणि बाहेर गेली.